जुन्या स्पोर्ट्‌स कारला फायबरग्लासचा बंपर बसवताना

नवा फायबरग्लासचा बंपर गाडीला पहिल्यांदा लावून पाहिला की बहुतेकांचा चेहरा पडतो. एका बाजूला फट ३ मिमी, दुसऱ्या बाजूला ९. मधला भाग टेकतो तर कोपरे उघडे राहतात. माल खराब आला असं वाटतं. तो तसा असेलही, पण बहुतेक वेळा तसं नसतं. साचा काढला होता दुसऱ्याच एका गाडीवरून. तुमच्या गाडीने मधल्या काळात दोन-तीन धडका खाल्लेल्या असतात, तिची बॉडी कुणीतरी कधीतरी दुरुस्त केलेली असते, आणि मुळात कारखान्यातूनही अशा गाड्या मिलिमीटरच्या हिशेबाने बाहेर पडत नसत. त्यामुळे बंपर बसवणं म्हणजे तो घासून, कापून, भरून आपल्या गाडीपुरता तयार करणं. या कामात एकच नियम पाळायचा: बोल्टचं काम धरून ठेवायचं, ओढून जागेवर आणायचं नाही. बोल्ट न लावता, नुसत्या हाताच्या जोरावर बंपर जागेवर बसत नसेल, तर काम अजून बाकी आहे.

उदाहरणासाठी इथे तिसऱ्या पिढीची शेव्हरले कॉर्व्हेट, म्हणजे १९६८ ते १९८२ ची, धरली आहे. अमेरिकेतल्या नियमामुळे १९७३ च्या मॉडेलपासून पुढच्या बंपरला ताशी ५ मैलांची धडक सोसणं भाग पडलं आणि १९७४ पासून मागच्यालाही. म्हणून कॉर्व्हेटचा पुढचा क्रोमचा बंपर १९७३ ला गेला, मागचा १९७४ ला, आणि त्यांच्या जागी बॉडीच्या रंगाचं लवचिक युरेथेन आलं. ते युरेथेन आता म्हातारं झालंय. त्याला लाटा येतात, मध्ये पोक येतो, कडा चुरा होऊन हातात येतात. रंग देऊन ते सुधारत नाही. फायबरग्लासकडे लोक वळतात ते यासाठी. लोखंडी बंपर काढून फायबरग्लासचा लावायचा असेल, जसं पोर्शे ९११ किंवा डॅटसन २४०झेडला करतात, तरी खालच्या पायऱ्या त्याच. फरक पडतो तो दिव्यांच्या अर्थिंगमध्ये, आणि त्यावर पुढे स्वतंत्रपणे लिहिलं आहे.

मागवण्याआधी

१९७४ च्या कॉर्व्हेटचा मागचा बंपर दोन तुकड्यांचा, मधोमध उभा सांधा असलेला. १९७५ पासून तो एकसंध झाला. १९८० ते १९८२ च्या बंपरमध्ये स्पॉयलरचा आकार घडवलेलाच आहे. कागदपत्रांवरचं साल पाहून मागवू नका, गाडीवर प्रत्यक्षात काय आहे ते पाहा. आधीच्या मालकाने दुसऱ्या सालाचा मागचा भाग लावलेला असणं अगदी नेहमीचं.

माल हातात आला की आतली बाजू पाहा. सगळीकडे सारखी जाडी हवी, साधारण ३ मिमी. कुठे रेझिनचं, म्हणजे धाग्यांना बांधणाऱ्या चिकट द्रवाचं, तळं साचलेलं आणि कुठे कोरडे पांढरे धागे दिसत असतील तर मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, नीट भिजलेली नाही. मग एका नाण्याने कडेकडेने टकटक करत जा. कडक, टणक आवाज म्हणजे ठीक. बद्द आवाज म्हणजे जेलकोटच्या, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराच्या, मागे हवा आहे. हे पोकळ भाग बहुतेक धारदार वळणांवर आणि दिव्यांच्या खाचांच्या कोपऱ्यांत सापडतात, कारण मॅट तिथे वळायला तयार नसते. त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करून ठेवा, आत्ता फोडू नका.

एक गोष्ट आधीच पटवून घ्या. युरेथेन दाबलं की परत फुगतं, फायबरग्लास तडकतं. पार्किंगमधला हलका धक्काही पुरतो. म्हणून आतली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची धक्का झेलणारी पट्टी वजन वाचवायला काढून टाकू नका. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला तीच वाचवते, आणि बऱ्याच ठिकाणी ती काढणं नियमातही बसत नाही.

लागणारं सामान

४५० ग्रॅम प्रति चौरस मीटरची चॉप्ड स्ट्रँड मॅट दीड-दोन मीटर, पॉलिस्टर रेझिन २ किलो आणि ते घट्ट करणारा हार्डनर, थोडं इपॉक्सी रेझिन, कापलेले धागे मिसळलेली फायबर पुट्टी, बारीक फिनिशिंग पुट्टी. ६ मिमीचे स्टेनलेस बोल्ट, नायलॉन लॉकवाले नट, आणि २५ ते ३० मिमी व्यासाचे रुंद वॉशर. हे वॉशर भरपूर घ्या. मास्किंग टेप, स्प्रिंग क्लॅम्प किमान आठ-दहा, ८० पासून ४०० नंबरपर्यंतचा पॉलिश पेपर, लांब सँडिंग ब्लॉक, अर्धगोल कानस, डायमंडची पातळ कटिंग डिस्क.

काचेची धूळ त्वचेत रुतते आणि फुप्फुसातही जाते. घासताना आणि कापताना बारीक धूळ अडवणारा मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. काम संपल्यावर आधी गार पाण्याने हात धुवा. रेझिनच्या वाफेसाठी धुळीचा मास्क चालत नाही, कोळशाचं कार्ट्रिज असलेलाच लागतो.

जुना बंपर उतरवणं

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर किंवा स्टँडवर ठेवून बंपर जुळवलात तर गाडी खाली आल्यावर फटी बदलतात. जुन्या चेसिसवर बॉडी थोडी वाकते, आणि २ मिमीचा फरक पडायला तेवढं पुरे.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काढण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो घ्या आणि जमिनीपासून बंपरच्या कडेची उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे मोजून लिहून ठेवा. दिवे, नंबर प्लेट, वायरिंगचे क्लिप काढून प्रत्येकाला टेपची चिठ्ठी लावा.

कॉर्व्हेटच्या युरेथेनच्या कडेला आतून धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना स्टड (आटे असलेले दांडे) असतात आणि नट बॉडीच्या आतल्या बाजूने लावलेले. हे नट गंजून घट्ट बसलेले असणार. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. तरीही पाना फिरत नसेल तर जोर करू नका. स्टड पट्टीतून सुटून नुसता गरगर फिरतो, आणि जास्त जोर लावला तर बॉडीची कड उकलते. पातळ डिस्कने नट कापणं स्वस्त पडतं. पट्ट्या वाकल्या असल्या तरी फेकू नका, बोल्टच्या जागा त्यांच्यावरूनच कळतात.

काही गाड्यांच्या बंपरमागे दाब भरलेले धक्काशोषक नळकांडे असतात. त्यांना भोक पाडणं, तापवणं किंवा कापणं पूर्ण वर्ज्य. ते बोल्ट सोडवून सबंधच बाहेर काढायचे.

धुणं, आणि मगच घासणं

साच्यातून सुटण्यासाठी साच्याला मेण लावलेलं असतं, आणि त्यातलं थोडं बंपरच्या अंगावर येतं. आधी पॉलिश पेपर चालवलात तर ते मेण जेलकोटच्या ओरखड्यांमध्ये दाबलं जातं. मग महिनाभराने रंग देताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात आणि दोष पेंटरच्या माथी जातो. म्हणून भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवा, वाळवा, मग मेण काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा. पुसताना फडकं सारखं बदलत राहा, नाहीतर तेच मेण इकडून तिकडे फिरतं.

धुतल्यावर बंपर आठवडाभर उबदार जागी किंवा उन्हात ठेवता आला तर ठेवाच, आणि गाडीवर जसा बसणार आहे त्याच आकारात टेकू देऊन. पॉलिस्टर रेझिन साच्यातून निघाल्यावरही बरेच दिवस आवळत राहतं. ते आवळणं रंगाआधी व्हावं, नंतर झालं तर मॅटच्या धाग्यांची नक्षी रंगावर उमटते. उष्णतेने लपलेले बुडबुडेही वर येतात. आता ते चाकूने फोडा, कडा ८० नंबरने घासा आणि फायबर पुट्टीने भरा.

कोरडी जुळवणी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, जायलाच हवा.

गाडीच्या बॉडीवर आणि बंपरवर मध्यरेषा टेपने आखा. बॉडीच्या कडेला टेपचे दोन थर लावा. दोन माणसांनी बंपर उचलून मध्यरेषा जुळवा, मधला भाग क्लॅम्पने धरा आणि तिथून दोन्ही बाजूंना सरकत जा. क्लॅम्पच्या खाली लाकडाच्या चकत्या द्या. कोपऱ्यापासून सुरुवात केली तर सगळी चूक मध्ये येऊन साचते आणि फुगवटा दिसतो.

फट किती ठेवायची ते गाडीच्या बाकी फटींवरून ठरवा. दाराची फट ५ मिमी असेल तर बंपरची २ मिमी नको, ती नजरेला खुपते. ठरलेल्या जाडीचे प्लॅस्टिकचे तुकडे फटीत अडकवून ठेवा, म्हणजे सगळीकडे सारखं अंतर राहील. शिवाय फट अर्धा मिलिमीटर जास्त सोडा. प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून प्रत्येक कडेवर साधारण ०.२ मिमी चढतं, आणि कडा असतात दोन.

कुठे अडतंय ते पाहायचा सोपा उपाय: बॉडीच्या कडेला रंगीत खडू लावा, बंपर दाबून काढा, जिथे खडू उमटला तिथेच घासा. एका वेळी थोडंच. पुन्हा लावा, पुन्हा पाहा. हे दहा-पंधरा वेळा करावं लागतं. कंटाळून एकदम ५ मिमी कापणारे लोक पुढची संध्याकाळ तेच ५ मिमी परत भरण्यात घालवतात.

कापताना रेषेवर मास्किंग टेप लावून जेलकोटच्या बाजूने कापा आणि २ मिमी बाहेर ठेवा. उरलेलं कानशीने. कानस नेहमी जेलकोटकडून आत, मॅटकडे ढकलायची. उलटी ओढली की जेलकोटचे टवके उडतात.

आतली धक्का-पट्टी आणि बंपर यांच्यात १० ते १५ मिमी जागा हवी. एका ठिकाणीही टेकत असेल तर चालताना तिथेच घासून तडा जाईल. पट्टीवर मातीचे गोळे चिकटवून बंपर लावा आणि काढून गोळे किती चपटे झाले ते मोजा. एक्झॉस्टचा पाइप बंपरच्या जवळून जात असेल तर किमान ३० मिमी अंतर, आणि आतून उष्णता अडवणारा पत्रा.

पीळ असेल तर

बंपरचा एक कोपरा ४-५ मिमी वर राहतोय, हाताने दाबला तर बसतो, सोडला की उठतो. अशा वेळी हीट गन फिरती ठेवून तो भाग दोन्ही बाजूंनी तापवा. पॉलिस्टर ६० ते ८० अंश सेल्सियसच्या आसपास किंचित मऊ पडतं. हवा त्यापेक्षा थोडा जास्त वाकवून क्लॅम्प करा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. गन एका जागी धरली तर जेलकोट पिवळा पडून फोड येतात.

फरक याहून जास्त असेल तर उष्णतेने भागत नाही. आतल्या बाजूने वळणावर खाच मारा, पण जेलकोट तसाच ठेवा, हव्या आकारात क्लॅम्प करा आणि खाचेवर मॅटचे तीन थर द्या.

कड तोकडी पडत असेल तर ती वाढवायची. जुनी कड आतून ३५ ते ४० मिमी लांबीत उतरती घासा. ३ मिमी जाडीला एवढा उतार लागतोच, नुसतं टोकाला टोक जोडलेलं टिकत नाही. बॉडीच्या कडेवर तपकिरी पॅकिंग टेप लावा, रेझिन तिला चिकटत नाही. मग मॅटचे थर द्या, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा १० मिमी मोठा. ४५० ग्रॅमच्या एका थराने साधारण १ मिमी जाडी येते. रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट पुरे. त्यापेक्षा जास्त घातलं तर ताकद वाढत नाही, ठिसूळपणा वाढतो. हार्डनर २० अंशांना २ टक्के, ३० अंशांच्या वर गेलात तर १ टक्का. डोळ्यांच्या अंदाजाने ओतू नका, वजन करा. कमी पडला तर चिकट राहतं, जास्त झाला तर डब्यातच धूर निघतो आणि तडे जातात.

इथे एक सापळा आहे. कॉर्व्हेटची स्वतःची बॉडीही फायबरग्लासचीच, पण तिची पॅनल साच्यात दाबून, तापवून बनवलेली. त्यांतल्या एसएमसी (रेझिन आणि धागे आधीच मिसळलेली चादर दाबून केलेल्या) प्रकारात साच्यातून सुटण्याचा पदार्थ मिश्रणातच असतो, त्यामुळे पॉलिस्टर रेझिन त्यांना नीट धरत नाही. बॉडीच्या बाजूला दुरुस्ती असेल तर इपॉक्सी किंवा एसएमसीसाठीचा खास चिकटपदार्थ वापरा. हाताने थर देऊन केलेल्या नव्या बंपरला पॉलिस्टर चालतं.

भोकं आणि बोल्ट

जुळवणी मनासारखी झाल्यावरच ड्रिल हातात घ्या. जुन्या पट्ट्यांवरून पुठ्ठ्याचा साचा काढा, किंवा स्टडच्या टोकांना रंग लावून बंपर दाबा. खुणेवर टेप, मागे लाकडाचा ठोकळा, आणि आधी ३ मिमीचा बिट. पहिले काही फेरे ड्रिल उलटं फिरवा. बिट कापण्याऐवजी जेलकोट खरवडत जातो आणि टवका उडत नाही.

६ मिमीच्या बोल्टसाठी भोक ८ मिमी ठेवा, टोकाच्या बोल्टसाठी आडवी लांबट खाच. बंपर आणि बॉडी उन्हात सारख्या प्रमाणात पसरत नाहीत, आणि बोल्ट भोकाच्या कडेला टेकला की तिथूनच कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे फुटतात. भोकाच्या कडेचा जेलकोट हलकासा उतरता करा.

प्रत्येक बोल्टच्या जागी आतून मॅटचे दोन जादा थर, बशीएवढे रुंद. जिथे बंपरचं वजन लटकतं तिथे थरांमध्ये ३ मिमीचा ॲल्युमिनियमचा तुकडा दाबा, खरखरीत घासून आणि इपॉक्सीने. वॉशरच्या खाली पातळ रबर. नट किती आवळायचा? वॉशर बोटाने फिरेनासा झाला की पाव फेरा, बस. त्यानंतर नट सुटू नये ही काळजी नायलॉनची.

आता परीक्षा. सगळे बोल्ट मध्यापासून बाहेर लावा आणि मग एकेक सोडत जा. कुठला बोल्ट सोडल्यावर कड उडून बाहेर आली, तर तिथे तो बोल्ट ओढत होता. मध्ये वॉशरची चळत घाला किंवा मागच्या पायरीवर परत जा.

दिव्यांची अर्थ वायर

लोखंडी बंपरवरचे दिवे बऱ्याचदा बंपरमधूनच अर्थ घेतात. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. इंडिकेटर मंद लागतो, किंवा ब्रेक दाबला की पार्किंगचा दिवा मिणमिणतो, अशी लक्षणं दिसली की बल्ब बदलत बसू नका. प्रत्येक दिव्यापासून १.५ चौरस मिमीची काळी वायर चेसिसच्या स्वच्छ घासलेल्या जागी न्या. नंबर प्लेटचा दिवा हमखास विसरला जातो.

घासकाम आणि रंग

बंपर गाडीवर असतानाच लांब ब्लॉकने, तिरक्या हाताने, बॉडी आणि बंपर दोन्हींवरून एकत्र घासा. दोघांचं वळण सलग येतं ते याच पद्धतीने. १८० ने सुरुवात, मग २४० आणि ३२०. जेलकोट संपून खालचे धागे दिसू लागले तर थांबा. तिथे सुईच्या टोकाएवढी शेकडो भोकं उघडतात. त्यांच्यावर प्रायमर मारून ती बुजत नाहीत, प्रायमर वरून पूल बांधतो आणि उन्हात तो फुटतो. फिनिशिंग पुट्टी पातळ पात्याने दाबून भरा, दोन दिशांनी.

सांधा पुट्टीने भरून बंपर आणि बॉडी एकजीव करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. दिसतं छान, पण पहिल्याच हंगामात सांध्यावर केसासारखी रेघ येते. फट राहू द्या.

नंतर बंपर उतरवून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर जाड थराच्या २के (हार्डनर मिसळून वापरायच्या) प्रायमरचे दोन-तीन. वर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून ४०० ने घासलं की खड्डे आपोआप दिसतात. युरेथेनच्या रंगात घालतात तो लवचिकपणाचा पदार्थ इथे नको. मेटॅलिक रंग असेल तर रंगवताना बंपर गाडीवर असतो त्याच स्थितीत स्टँडवर हवा. आडवा ठेवून रंगवला तर कण वेगळे बसतात आणि शेड जुळत नाही. २के रंगातला आयसोसायनेट हा घातक घटक साध्या मास्कने भागवण्यासारखा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल तर हा टप्पा पेंटरकडे द्या.

शेवटची बसवणी

रंग किमान आठवडाभर सुकू द्या. बॉडीच्या कडांवर टेपचे दोन थर, दोन माणसं, आणि मध्ये २ मिमीची फोमची पट्टी. आधी सगळे बोल्ट हाताने, मग फटीत प्लॅस्टिकचे तुकडे घालून मध्यापासून बाहेर. दिवे लावून अर्थ तपासा.

दोन-तीनशे किलोमीटरनंतर आतून पाहा. वॉशर सैल असेल तर पुन्हा तेवढाच पाव फेरा. एखाद्या भोकाभोवती बारीक तडा दिसला तर बोल्ट काढा, भोक अर्धा मिलिमीटर मोठं करा आणि आतून एक थर वाढवा. तसाच आवळून ठेवलात तर तडा रंगापर्यंत पोचतो.